प्रभाताई अत्रे: त्यांची कविता आणि त्यांची बंदिश, फरक नेमका कुठे?

कागदी_ओळ

'जागू मैं सारी रैना' (राग मारू बिहाग) आणि 'तन मन धन तोपे वारूँ' (राग कलावती) या दोन्ही बंदिशी, म्हणजे रागात आणि तालात बांधलेल्या छोट्या रचना, किराणा घराण्याच्या गायिका प्रभाताईंनी गायल्या आणि रचनाही त्यांचीच. शिवाय 'अंतःस्वर' हा कवितासंग्रह आहे आणि संगीतावरची गद्य पुस्तकं वेगळी. कविता वाचायची सवय आहे, गाण्याची जाण प्राथमिक, म्हणजे तीनताल हातावर धरता येतो इतकीच. तीन शंका:

१) त्यांची पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचावीत?
२) बंदिशीचे शब्द छापलेले पाहिले की फार साधे वाटतात. दोन ओळी अस्ताई (पहिला भाग), दोन ओळी अंतरा (दुसरा भाग), संपलं. कविता म्हणून त्यात काय पाहायचं?
३) एक ओळ बंदिशीसाठी म्हणून केली आहे: 'क्षितिजावरती दाटले मेघ'. मात्रा मोजल्या, बरोबर १६ भरतात. तीनतालही १६ मात्रांचा. तरी ठेक्यावर म्हटली की लंगडते. का?

पोथीवाला

क्रमाचं सांगतो, बाकीचं जाणकारांवर सोडतो.

गायला शिकायचं नसेल तर आधी 'स्वरमयी'. मराठीतलं त्यांचं पहिलं पुस्तक, राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेलं. मग 'सुस्वराली'. मैफलीत काय चाललंय ते ऐकणाऱ्याला कळावं म्हणून 'एनलायटनिंग द लिसनर', पण ते इंग्रजीत आहे. 'स्वरांगिणी' आणि 'स्वररंजनी' ही बंदिशींची पुस्तकं. ती सलग वाचायला घेतली तर वीस पानांत कंटाळा येईल. ती जवळ ठेवून एकेक रचना उघडायची असतात.

२०१६ साली दिल्लीत एकाच मंचावरून त्यांची ११ पुस्तकं प्रकाशित झाली, ती हिंदी आणि इंग्रजी. त्यामुळे मागवताना भाषा स्पष्ट सांगा, नाहीतर भलतीच आवृत्ती हातात पडते.

गद्य वाचताना ध्यानात ठेवायची एक गोष्ट. बाईंचं शिक्षण विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांत झालेलं, आणि प्रबंध सरगम (स्वरांची नावं घेऊन गाणं) या विषयावर. लेखनात आठवणींचा गहिवर कमी, मांडणी जास्त: आधी संज्ञा, मग वापर, मग आक्षेप आणि त्याला उत्तर. गायकाच्या आत्मकथेची अपेक्षा ठेवून पुस्तक उघडलं तर कोरडं वाटेल. दोष पुस्तकाचा नाही.

मुखडाबंद

दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्र लिहितो. लांबेल.

घोटाळा 'मात्रा' या शब्दात आहे. छंदातली मात्रा म्हणजे अक्षराचं वजन: लघु १, गुरू २. तालातली मात्रा म्हणजे काळाचा ठोका. त्यात एक अक्षर बसेल, चार बसतील, किंवा एकच अक्षर आठ ठोके ताणलं जाईल. तुमची ओळ छंदाने तपासली:

क्षि १, ति १, जा २, व १, र १, ती २ = ८
दा २, ट १, ले २, मे २, घ १ = ८

एकूण १६, हिशेब चोख. पण तीनतालाच्या १६ मात्रा ही भरायची बरणी नव्हे. ओळ पहिल्या मात्रेपासून सोळाव्यापर्यंत ठासून भरली तर गायकाने आलाप कुठे करायचा? आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं कशाने? तुमची ओळ समेवरच सुरू होते, त्यामुळे तिला धाव नाही. बंदिशीला समेच्या आधीचा तुकडा लागतो. गायक फिरून आला की तोच पकडून समेवर उतरतो. तो मुखडा. ओळीत मुखडा नसेल तर ती कविता असेल, गीतही असेल, बंदिश नाही.

आता प्रभाताईंच्या तुम्ही दिलेल्या दोन ओळी त्याच तराजूत घाला.

जा-गू-मैं-सा-री-रै-ना: सात अक्षरं, सातही गुरू, छंदाच्या मात्रा १४.
त-न-म-न-ध-न-तो-पे-वा-रूँ: दहा अक्षरं, सहा लघु आणि चार गुरू, छंदाच्या मात्रा १४.

वजन सारखं, चाल सर्वस्वी वेगळी. पहिली दीर्घ स्वरांची. तिथे प्रत्येक अक्षर ताणता येतं, कारण ताणायला दीर्घ स्वर लागतो. आ, ऊ, ऐ, आ, ई, ऐ, आ: कुठेही थांबा, थांबायला जागा आहे. एकही जोडाक्षर नाही. शेवट 'ना'वर, म्हणजे तोंड उघडं ठेवून. दुसरीत पहिली सहा अक्षरं टपटप पडतात, जणू तबल्याचे बोल, आणि मग 'तोपे वारूँ'ला जमीन लागते. त्या सहा लघूंमुळे ओळीला आपोआप गती येते. 'जागू मैं' आणि 'तन मन धन' दोन्ही अतिविलंबित, म्हणजे फार संथ लयीत, गाऊन पाहा. 'त' आणि 'न' यांच्यामध्ये नुसता 'अ' लोंबकळत राहील. कागदावर साधे दिसणारे शब्द असे लयीच्या मापाने कापलेले असतात. कविता म्हणून बंदिशीत पाहायचं ते हे. प्रतिमा, कल्पना वगैरे त्यानंतर.

विलंबित (संथ) एकतालाचं थोडं सांगायला हवं, कारण शब्द इतके कमी का, ते तिथेच कळतं. ठेका असा: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. मात्रा १२, पण प्रत्येकीचे चार भाग धरतात, म्हणजे ४८ लहान ठोके. किराणा घराण्याच्या संथ लयीत एका आवर्तनाला (तालाच्या एका फेरीला) पाऊण ते एक मिनिट सहज जातं. दहाव्या मात्रेवर दुसरं तिरकिट वाजलं की मुखडा जवळ आल्याची ती खूण. बहुतेक मुखडे ११ आणि १२ या दोन मात्रांत बसवलेले असतात. तेवढ्यात पाच-सात अक्षरं मावतात. दहा घातली तर गायक धापा टाकत समेवर येतो आणि समेचा डौल जातो.

'क्षितिजावरती दाटले मेघ' लंगडते त्याची बाकीची कारणं थोडक्यात:

'क्षि'वर समेचा आघात घ्या. क् आणि ष् वाजतात, स्वर नुसता ऱ्हस्व 'इ'. आकार लावायलाच मिळत नाही.

'दाटले' आपण बोलताना 'दाट्ले' म्हणतो. गाताना 'ट' सुटा करावा लागतो आणि कानाला परका वाटतो.

'मेघ' मराठीत 'मेघ्' असा मिटतो. ओळीच्या शेवटी तोंड मिटणं म्हणजे पुढच्या आलापाला दार बंद. ब्रज बोलीत, म्हणजे बहुतेक बंदिशींच्या भाषेत, हा प्रश्न शेपूट लावून सोडवतात: रैन नव्हे रैना, बलम नव्हे बलमा, अंगन नव्हे अंगनवा. ही नुसती लाडिक रूपं नव्हेत, स्वर लावायला केलेली सोय आहे.

शिवाय ओळीतला कुठलाच तुकडा एकटा उभा राहत नाही. 'क्षितिजावरती' पन्नास वेळा म्हटलं तर ऐकणारा विचारील, काय क्षितिजावरती? 'जागू मैं' एवढंच म्हटलं तरी बोलणं पुरं होतं.

मंद्र_पंचम

वरच्याला अनुमोदन. एक भर आणि एक इशारा.

भर: तार षड्जावर (वरच्या सप्तकातल्या सा वर) 'इ' आणि 'उ' टाळा. उंच स्वराला जबडा उघडावा लागतो आणि हे दोन स्वर तोंड आवळतात, मग आवाज चिरकतो. अंतऱ्याची पहिली ओळ वरच्या सा कडे झेपावते, तिथे आ, ए, ओ असलेली अक्षरं ठेवा. मंद्रात (खालच्या सप्तकात) इ-उ चालून जातात.

इशारा बंदिशींची पुस्तकं वाचणाऱ्यांना. आधी स्वरलिपी कोणती ते बघा. भातखंडे पद्धतीत अक्षराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्करांच्या पद्धतीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र! तार सप्तकाला तिथे डोक्यावर उभी रेघ असते, आणि भातखंड्यांत हीच उभी रेघ मध्यमावर आली की तो तीव्र होतो. जुनं पुस्तक घेऊन बसलेला माणूस खालचा नि वर गाऊ लागतो आणि वर म्हणतो की बंदिश विचित्र आहे. समेची खूणही वेगळी: भातखंड्यांत फुली, पलुस्करांत १. 'खाली'ची (तालात टाळी न देता हात फिरवायच्या मात्रेची) खूण भातखंड्यांत शून्य, पलुस्करांत अधिक चिन्ह.

बाकी भातखंडे खुणा अशा: अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. खाली कंस म्हणजे तेवढे स्वर एका मात्रेत. वर कंस म्हणजे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं). स्वरापुढे आडवी रेघ म्हणजे स्वर लांबवा, शब्दापुढे ऽ म्हणजे अक्षर लांबवा. डाव्या खांद्यावर बारीक स्वर असेल तो कण, म्हणजे ओझरता लागणारा स्वर. कण वगळून वाचणाऱ्यांचा मारू बिहाग सरळ यमनाच्या वाटेला लागतो.

कागदी_ओळ

दोघांचेही आभार. छंदाची मात्रा आणि तालाची मात्रा एकच धरली होती, हे आता कळलं. सुधारून असं केलं:

अस्ताई: घन भरुनी आले दाही दिशांतुनी
अंतरा: वाट पाहती रान पाखरे, चोच वासुनी

मुखडा 'घन भरुनी', सम 'आले'च्या 'आ'वर. मध्यलय तीनताल, राग कलावती धरला आहे. 'भरून'चं 'भरुनी' आणि 'दिशांतून'चं 'दिशांतुनी' केलं, ब्रजाच्या शेपटासारखं. चालेल?

मुखडाबंद

चालेल नव्हे, बसतंय. समेवर 'आ' ठेवलात हे उत्तम. 'भरुनी'तला 'उनी' हा जुन्या मराठी पद्यातला हक्काचा शेवट आहे, उसना वाटत नाही. आता मात्रांवर मांडू या. मुखडा बाराव्या मात्रेपासून, म्हणजे समेच्या आधी पाच मात्रा. मध्यलयीत ही रुळलेली जागा आहे.

मात्रा १२: घन (दोन्ही अक्षरं एका मात्रेत) — साग
१३: भ — प
१४: रु — ध
१५: नी — नि
१६: ऽ — ध
सम १: आ — प
२: ऽ — प लांबवलेला
३: ले — ध
४: ऽ — प
५: दा — ग
६: ही — सा
७: दि — ग
८: शां — प
९ (खाली): तु — ग
१०: नी — सा
११: ऽ — सा लांबवलेला
आणि १२ वर पुन्हा 'घन'.

कलावतीत रे आणि म वर्ज्य, नि कोमल, म्हणून वर नि लिहिला तो कोमलच समजा. सम पंचमावर ठेवली कारण तो या रागाचा वादी (मुख्य स्वर).

हे स्वरांत गाण्याआधी करायचं काम असं. ठेका साधारण मिनिटाला १२० मात्रांच्या गतीला लावा, शब्द नुसते बोला, सुराविना. दहा आवर्तनं टाळीवर न चुकता निघाली पाहिजेत. बहुतेकांची गाडी अकरा-बारावर अडते: अकरावी मात्रा रिकामी आहे, ती न थांबता गिळली जाते आणि 'घन' अकरावरच पडतं. मग 'आ' सोळाव्या मात्रेवर येतो आणि तबलजी डोळे वटारतो. उपाय सोपा, अकराव्याला श्वास घ्या. ती जागा श्वासासाठीच आहे.

मग मुखड्याची परीक्षा. एक आवर्तन नुसता आकारात आलाप, बाराव्याला मुखडा. पुढच्या आवर्तनात आलाप गंधारावर सोडा, मग पंचमावर, मग धैवतावर, आणि प्रत्येक वेळी मुखडा पकडा. तुमचा मुखडा खालच्या सा पासून निघतो. धैवतावरून आलात तर 'साग'ला खाली उडी मारावी लागेल, खटकेल. तेव्हा 'घन'ला 'गप' घ्या आणि 'भ'ला धैवत. एकाच मुखड्याची दोन-तीन स्वररूपं तयार असावी लागतात, शब्द तेच. पुस्तकात एकच छापलेलं असतं, म्हणून शिकणाऱ्याला तेच प्रमाण वाटतं.

अंतऱ्यात एक अडचण. 'चोच'चा दुसरा 'च' मिटतो आणि नेमका तिथे तार षड्ज आला तर अडेल. तो षड्ज 'वासुनी'च्या 'वा'वर न्या. 'नी' हे यमक छान जुळलंय: 'वासुनी'चा 'नी' आणि 'दिशांतुनी'चा 'नी' एकाच सा वर आले तर अंतऱ्यावरून अस्ताईत परतताना सांधा दिसत नाही.

ठेका_धरा

'भरुनी'च्या 'भ'बद्दल शंका आहे. महाप्राण व्यंजन ध्वनिवर्धकासमोर फुटतं. 'घ' आणि 'भ' लागोपाठ आलेत, दोन दणके. 'घन दाटुनी आले' का नको?

मुखडाबंद

'दाटुनी'त 'दा' गुरू आहे. तेराव्यावर 'दा' आला की धाव तिथेच थबकते, मग सम वेगळी वाटत नाही, दोन ठिकाणी वजन पडतं. 'भरुनी'त भ-रु लघु, 'नी' गुरू, म्हणून ओळ समेकडे कलते. 'भ' फुटतो हे मान्य. त्याला तोंड किंचित बाजूला वळवणं हा उपाय, शब्द बदलणं नव्हे. हाच शब्द समेवर असता तर मात्र तुमचं म्हणणं ऐकलं असतं.

मंद्र_पंचम

मराठीत ख्याल लिहिण्याबद्दल थोडं वाकडं बोलतो. मराठी शब्द अर्थाला घट्ट चिकटलेले असतात. 'दाही दिशांतुनी' ऐकलं की श्रोता दिशा बघायला लागतो, स्वर सुटतो. ब्रजातले पिया, रैन, नैन हे शब्द इतके झिजलेले आहेत की ते स्वराच्या आड येत नाहीत. प्रभाताईंच्या गाजलेल्या बंदिशीही त्याच बोलीत आहेत, आणि त्यांची मातृभाषा मराठी होती, स्वतंत्र कविताही त्या लिहीत. यातून काय ते समजावं.

पोथीवाला

झिजलेले शब्द हवे असतील तर त्या सरगमकडे का वळल्या, तेही बघा ना. सा रे ग म प ध नि यांत अर्थाचा पत्ताच नाही. नुसती सात अक्षरं: एक आ, एक ए, एक इ आणि चार अ. अब्दुल करीम खाँ सरगम गात. त्यांचे पुत्र सुरेशबाबू माने प्रभाताईंचे गुरू, हिराबाई बडोदेकरांकडेही त्या शिकल्या. त्यांच्या सरगमवर अमीर खाँसाहेबांचा प्रभावही सांगितला जातो. सरगम हा गाण्याचा सामग्री म्हणून वापरायचा भाग आहे, नुसती शिकवणीतली पाटी नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. 'अंतःस्वर'मधली कविता, बंदिशीचे शब्द आणि सरगम ही तीन टोकं धरून वाचलं की ध्यानात येतं की अर्थ किती ठेवायचा हा निर्णय त्या जागा पाहून घेत होत्या. मराठी ख्याल होऊ शकत नाही, असं यातून निघत नाही.

आणि कुमार गंधर्वांचं 'अनूपरागविलास' (१९६५) हे बंदिशींचं पुस्तक शेजारी ठेवा. माळव्याच्या बोलीतले शब्द तिथे अजिबात झिजलेले नाहीत, तरी स्वराच्या आड येत नाहीत.

मंद्र_पंचम

माळवी शब्दांना शेवटी स्वर असतो हो. मुद्दा तोच आहे. पण 'अनूपराग'चं म्हणणं मान्य, झिजण्याचा नियम फार ताणला मी.

कागदी_ओळ

शेवटचं एक. बंदिशीत रचनाकाराचं नाव गुंफतात ते हल्ली आवश्यक आहे का? आणि सरावासाठी प्रभाताईंच्या रचना गायल्या, स्पर्धेत गायल्या, तर काही अडचण?

ठेका_धरा

नाव आवश्यक नाही. सदारंग, फैयाज खाँ यांचं प्रेमपिया, जगन्नाथबुवा पुरोहितांचं गुणिदास, रामाश्रेय झा यांचं रामरंग, ही परंपरा तोंडी प्रसाराच्या काळात कर्ता हरवू नये म्हणून टिकली. नाव घालायचंच तर अंतऱ्यात घाला. मुखड्यात घातलं तर दर आवर्तनाला स्वतःचा पुकारा होतो.

हक्कांचं असं: भारतात रचनेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो. प्रभाताई जानेवारी २०२४ मध्ये गेल्या, म्हणजे २०८४ अखेरपर्यंत. घरी रियाज करायला काही नाही. स्पर्धेच्या अर्जात रचनाकाराचा रकाना असतो, तिथे 'पारंपरिक' लिहू नका. हे फार होतं, आणि 'जागू मैं सारी रैना'च्या बाबतीत तर सर्रास. रेकॉर्ड करून विकायचं किंवा पुस्तकात छापायचं असेल तर परवानगी आधी, ध्वनिमुद्रण नंतर.

मुखडाबंद

आणि तुमच्या वहीत 'घन भरुनी'खाली ताल, लय, राग, सम कुठल्या अक्षरावर आणि मुखडा कुठल्या मात्रेपासून, एवढं आजच लिहून ठेवा. नुसते शब्द लिहिले तर महिन्याभराने तुम्हीच ती समेपासून गायला लागाल.